साथ करणारी पेटी

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "चार शब्द बोला" असे मला सांगितले, तेव्हा मी प्रथम साफ नकार दिला. माझे बोलणे म्हणजे हरिपाठाच्या वेळी शेजारणीच्या कानात दोन शब्द सांगावेत इतकेच. पण विषय ऐकला आणि नाही म्हणवेना. विषय आहे आपल्या मंडळाच्या पेटीचा.

आपली पेटी आता थकली आहे, हे आपण सर्वजणी जाणतो. भात्याला तीनदा ठिगळ लावून झाले. दोन सूर बोलत नाहीत आणि एक सूर गप्प बसत नाही. पेटीबरोबर आपल्या पेटीवाल्या काकूही थकल्या आहेत. पंचवीस वर्षे त्यांनी डाव्या हाताने भाता ओढला आणि उजव्या हाताने आपल्या सर्वांचे सूर सांभाळले. आता त्यांचा डावा खांदा वर होत नाही. मागच्या काकड्याला त्या अर्ध्यातच थांबल्या आणि "आज तुम्ही नुसत्या टाळावर म्हणा ग" असे म्हणून भिंतीला टेकल्या. त्या दिवशी आपण म्हटले खरे, पण कुणाचा सूर कुठे आणि कुणाचा कुठे!

तेव्हापासून मंडळात दोन पक्ष पडले. सुना आणि लेकी म्हणू लागल्या, "आता कॅसिओ घ्या." आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला कॅसिओच म्हणतात. वडीलधाऱ्या म्हणाल्या, "तो आपला आपण वाजतो. त्यात भजन कुठले?" आपल्या ढोलकीवाल्या ताई मात्र काहीच बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचे गप्प बसणेच अधिक बोचले. जी पेटी आपला ठेका आपणच धरते, ती घरात आली की ढोलकीचे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात आला असणारच.

कार्यकारिणीने मग काकू, माझी सून आणि मी अशा तिघींवर चौकशीचे काम सोपवले. आम्ही जालन्यातली दुकाने पाहिली, एक दिवस छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो, वाजवणाऱ्यांना विचारले. जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगते. हिला अरेंजर कीबोर्ड म्हणतात. साध्या कीबोर्डात आपण पट्टी दाबली की सूर निघतो, एवढेच. अरेंजर कीबोर्डात पट्ट्यांचे दोन भाग करता येतात. उजव्या हाताने आपण चाल वाजवायची. डाव्या हाताने दोन-तीन सूर एकत्र धरायचे, म्हणजे आतले यंत्र ते सूर ओळखते आणि त्यांना धरून ठेका, खर्ज आणि इतर वाद्यांची साथ आपोआप सुरू करते. गाण्याआधीची सुरावट, मधली उठावणी आणि शेवटची समाप्ती यांसाठी वेगवेगळी बटने असतात. एक बाई बसली की चार वादक बसल्यासारखे वाटते.

आता "हे परदेशी वाद्य भजनात कशाला?" या आक्षेपाबद्दल. भगिनींनो, आपण जिला आपली म्हणतो ती पेटीसुद्धा परदेशीच. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने वारा भरण्याचे वाद्य होते. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताने भाता ओढण्याची पेटी केली, आणि ती आपल्या घराघरांत शिरली. तिच्यावरही पुष्कळ रोष झाला. हिच्यात मींड निघत नाही, हिचे सूर आपल्या श्रुतींत बसत नाहीत, असे जाणकार म्हणत. रेडिओवर १९४० साली पेटीला बंदी झाली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले.

परंतु त्याच काळात आपल्या लोकांनी या परक्या वाद्याला गळा दिला. महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी ते केले. आणि आपण जालनेकरांनी अभिमानाने सांगावे असे नाव म्हणजे अप्पा जळगावकर. आडनाव जळगावकर असले तरी १९२२ साली त्यांचा जन्म झाला तो जालन्यात. मोठमोठ्या गायकांना त्यांनी पेटीची साथ केली आणि २००० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. २००९ साली ते गेले. साथ म्हणजे काय, हे अशा लोकांच्या वाजवण्यातून कळते. गाणाऱ्याच्या मागे अर्धे पाऊल चालायचे, तो थांबला तर थांबायचे, तो दमला तर सूर भरून काढायचा, आणि तो रंगला की आपण बाजूला व्हायचे.

म्हणून वाद्य परके की आपले, हा प्रश्नच नाही. ते साथ करते की नाही, हा प्रश्न आहे.

याचा अनुभव आपण सर्वांनी घेतलाच आहे. दोन महिन्यांपूर्वी एका भगिनीच्या मुलाचा कीबोर्ड आपण एका गुरुवारी भजनाला आणला होता. आजींनी अभंग धरला. ठेका सुरू होता, ऐकायला गोड वाटत होते, पोरी माना डोलावत होत्या. दुसऱ्या कडव्याला आजींनी नेहमीप्रमाणे एक शब्द लांबवला आणि श्वास घेण्यासाठी क्षणभर थांबल्या. यंत्र थांबले नाही. ते समेवर जाऊन पुढे निघाले, आजी मागे राहिल्या, टाळ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे झाले. तेव्हा आपल्या ढोलकीवाल्या ताईंनी कुणाला न विचारता ढोलकी मांडीवर ओढली आणि आजींच्या पुढच्या शब्दावर अचूक थाप दिली. कुणीतरी यंत्राचे बटन बंद केले. अभंग पुन्हा मार्गी लागला. त्या दिवशी आजींच्या श्वासासाठी कोण थांबले, हे आपण विसरू नये.

दोष यंत्राचा नव्हता, तो आपला होता. यंत्राला जे येते तेच काम त्याला सांगावयाचे असते. म्हणून खरेदीपूर्वी आम्ही पाच कसोट्या ठरवल्या. पुढे कुणाला घरी मुलासाठी कीबोर्ड घ्यावयाचा झाला, तरी त्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी पट्टीची. बायकांचा आवाज बहुधा काळी चार किंवा काळी पाचमध्ये खुलतो, पुरुषांचा काळी एक-दोनच्या आसपास. नवशिकीला काळी चारमधून बोटे चालवणे जड जाते. कीबोर्डात पट्टी बदलण्याचे बटन असते. ते चार घरे खाली नेले, की बोटे पांढरी एकवरून चालतात आणि सूर काळी चारचा निघतो. ही मोठीच सोय आहे, पण बटन पुन्हा जागेवर आणायला विसरू नये. एका सत्यनारायणाच्या पूजेत मी ते तसेच ठेवून उठले. माझ्यानंतर बसलेल्या बाईंनी सवयीप्रमाणे काळी चार धरली, निघाली पांढरी तीन! बिचारीचा आवाज सारा वेळ घशातच बसून राहिला, आणि चूक माझी हे मी तिला घरी जाताना सांगितले. म्हणून हे बटन चटकन सापडते का, आणि पट्टी किती बदलली आहे ते पडद्यावर स्पष्ट दिसते का, हे पाहावे.

दुसरी कसोटी तालाची. विक्रेता तुम्हाला प्रथम झगमगीत नाचाचे ठेके ऐकवील. त्याला सांगावे, "भजनी ठेका लावा. दादरा लावा. आता सात मात्रांचा रूपक लावा." शेकडो ठेके असलेल्या यंत्रातही पुष्कळदा चार-चारच्या चालीचीच गर्दी असते. आणखी एक परीक्षा आपल्या जिल्ह्याचीच आहे. समर्थांचे जन्मगाव जांब आपल्या घनसावंगी तालुक्यात, आणि मनाचे श्लोक आपल्या प्रत्येकीच्या तोंडी. त्यांचे वृत्त भुजंगप्रयात. एक लघु आणि दोन गुरू अशी पाच मात्रांची पावले, एका चरणात चार वेळा. त्यांना झपतालासारखा दहा मात्रांचा ठेका शोभतो. ते केरव्यात कोंबायला गेले की शब्दांची ओढाताण होते. दुकानात उभे राहून मनातल्या मनात एक श्लोक म्हणावा आणि यंत्राचा ठेका त्याच्याबरोबर चालतो का ते पाहावे. शिवाय लय हळूहळू वाढवता येते की एकदम उडी मारते, तेही पाहावे, कारण भजन शेवटी चढत जाते.

तिसरी कसोटी डाव्या हाताची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. यंत्राला साथीसाठी सूर सांगावे लागतात. साधारणपणे सा-ग-प असे तीन सूर धरायला शिकवतात. त्यात गंधार शुद्ध असतो. आपला अभंग भीमपलासात असला किंवा शेवटची भैरवी असली, तर तिथे गंधार कोमल. मग गाणारी एक गंधार लावते आणि यंत्र दुसरा, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की कानाला काय खटकते आहे. यावर उपाय असा की तंबोऱ्यासारखे नुसते सा आणि प धरावेत. काही कीबोर्ड तेवढ्यावर समजूतदारपणे साथ करतात, काही गोंधळतात. हे दुकानातच करून पाहावे.

चौथी कसोटी सुराची. पेटीचा, बासरीचा, तंबोऱ्याचा आवाज कानाला खरा वाटतो का? पट्ट्या पूर्ण मापाच्या आहेत का? लहान मापाच्या पट्ट्यांवर मोठ्या बाईचे बोट दोन पट्ट्यांवर पडते. बहुतेक चांगल्या कीबोर्डांत ६१ पट्ट्या असतात, आपल्या पेटीपेक्षा जास्तच. जोराने दाबले तर मोठा आणि हळू दाबले तर लहान आवाज, असाही प्रकार असतो. पेटीची सवय असलेल्या हाताला तो प्रथम चमत्कारिक वाटतो, पण तो बंद करता येतो. काही कीबोर्डांत एकेक सूर किंचित चढवता-उतरवता येतो. ज्यांना श्रुतींची आवड आहे त्यांनी याची चौकशी करावी. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटीच बनवली आहे. आपल्याला तेवढे नको, पण सूर हलतो हे ठाऊक असावे.

पाचवी कसोटी विजेची, आवाजाची आणि दुरुस्तीची. भजनाच्या मध्यावर वीज गेली तर पेटी वाजत राहते, कीबोर्ड मुका होतो. तेव्हा तो सेलवर चालतो का, हे विचारावे. आतले ध्वनिवर्धक लहानशा खोलीला पुरतात, मंडपाला पुरत नाहीत, म्हणून बाहेरच्या ध्वनिवर्धकाची तार कुठे जोडायची ते पाहून घ्यावे. आणि शेवटी, बिघडल्यास दुरुस्ती कोण आणि कुठे करणार? पेटीचा भाता आपल्या गावात बदलून मिळतो. कीबोर्ड मात्र कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात न्यावा लागतो, आणि ते केंद्र किती दूर आहे हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

आता कंपन्यांबद्दल. आम्ही चार नावांची चौकशी केली, चारही जपानची.

यामाहाची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. १८८७ साली हमामात्सु गावच्या एका शाळेतले परदेशी ऑर्गन बिघडले. ते दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाचा कारागीर गेला आणि त्यातून वाद्ये बनवण्याचा कारखाना उभा राहिला. म्हणजे बिघडलेल्या पेटीपासूनच सुरुवात! या कंपनीने भारतासाठी कीबोर्डची वेगळी मालिका काढली, तिच्या नावात 'आय' हे अक्षर असते. तीत भारतीय वाद्यांचे आवाज, भारतीय ठेके आणि तबला-तंबोऱ्यावर सराव करण्यासाठी 'रियाज' नावाची सोय आहे. ही सोय काकूंना फार आवडली.

कॅसिओ मूळची हिशेबाची यंत्रे करणारी कंपनी. १९८० साली तिने पहिला कीबोर्ड काढला, आणि स्वस्त व हलका म्हणून तो इतका पसरला की तिचे नावच वाद्याला पडले. भारतासाठी केलेल्या तिच्या कीबोर्डांच्या नावाच्या शेवटी 'आयएन' ही अक्षरे असतात. त्यांतही आपले ठेके आणि आपली वाद्ये आहेत. माझ्या सुनेला हे कीबोर्ड हाताळायला सोपे वाटले.

रोलंड १९७२ साली निघाली. बँड आणि ऑर्केस्ट्रातल्या वादकांकडे तिचा एक्सपीएस-१० दिसतो, त्यात भारतीय आवाजही पुष्कळ आहेत. पण तो मुख्यतः आवाजांचे वाद्य आहे, डाव्या हाताला धरून सगळी साथ करणारा अरेंजर नव्हे. जाणत्या वादकाला तो उत्तम, आपल्यासारख्या शिकाऊ बायकांना नव्हे.

कॉर्गचे पीए मालिकेतले अरेंजर मात्र खरोखर भारी. त्यांत आपले ठेके आणि आवाज बाहेरून भरता येतात, सूर हवा तसा हलवता येतो. परंतु किंमतही तशीच, मोठे मॉडेल लाखाच्या घरात जाते. या कंपनीचा उगम ऐकून मला गंमत वाटली. तोक्योतल्या एका क्लबात एक ॲकॉर्डियन वाजवणारा होता. साथीला जे ठेक्याचे यंत्र होते, ते त्याच्या मनास येईना. त्याने क्लबच्या मालकाला गळ घातली, दोघांनी मिळून नवे यंत्र बनवले आणि १९६३ साली ते विक्रीस आले. म्हणजे यंत्राच्या ठेक्यावर नाराज होणाऱ्या आपल्या आजी काही पहिल्याच नव्हेत!

मग यांतले कोणते घ्यावे? भगिनींनो, आपले जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पिशवीवरचे चित्र सुंदर आहे म्हणून कुणी बियाणे घेते का? आपण आधी आपल्या रानाची माती पाहतो, पाणी पाहतो. तसेच हे आहे. किती आवाज, किती ठेके, हे आकडे म्हणजे पिशवीवरचे चित्र. आपली माती म्हणजे आपले गळे, आपले अभंग आणि वाजवणारीची बोटे.

दुकानात काकूंना आम्ही कीबोर्डसमोर बसवले तेव्हा एक गोष्ट घडली. त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डावा हात आपोआप मागे गेला, भाता शोधायला. तिथे काहीच नव्हते. त्या क्षणभर गोंधळल्या. मग सुनेने त्यांचा डावा हात धरून पट्ट्यांवर आणला आणि सा आणि प दाखवला. काकूंनी तो धरून ठेवला आणि उजव्या हाताने काकड्याची चाल वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खांदा एकदाही दुखला नाही. दुकानदाराने मधेच ठेक्याचे बटन दाबले तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटले.

त्यावरून आमचे ठरले. ते चार सूचनांच्या रूपाने सभेपुढे ठेवते.

एक, मध्यम किमतीचा, भारतीय ठेके आणि तंबोरा असलेला कीबोर्ड घ्यावा. यामाहाचा 'आय' आणि कॅसिओचा 'आयएन' या दोहोंपैकी जो आपल्या पाच कसोट्यांना उतरेल आणि ज्याची दुरुस्ती जवळ होईल, तो. कॉर्ग आणि रोलंड आपल्या कामाचे नाहीत. निवड करताना पट्ट्यांवर बोटे काकूंची असावीत.

दोन, जुनी पेटी टाकू नये. भाता नवा करून घ्यावा. वीज गेली की तीच कामी येईल, आणि शिकणाऱ्या मुलींनी आधी भात्यावरच बसावे. भाता हाताने ओढल्याखेरीज सुराला श्वास लागतो हे कळत नाही.

तीन, दोन तरुण भगिनींनी काकूंकडून रीतसर शिकून घ्यावे. एकीवर सगळा भार टाकण्याची चूक आपण पंचवीस वर्षे केली, ती पुन्हा नको. काकू थांबल्या त्या दिवशी मंडळाचा सूर थांबला, हा दोष काकूंच्या खांद्याचा नव्हता.

चार, आणि हे मी मुद्दाम सर्वांदेखत सांगते. यंत्राचा ठेका घरच्या सरावासाठी आहे. ज्या भजनाला ढोलकीवाल्या ताई हजर असतील, त्या भजनात ठेक्याचे बटन कुणीही दाबू नये. कीबोर्डकडे सूर, ताईंकडे ताल. ताईंनी आपली ढोलकीही कुणाला तरी शिकवावी, एवढीच त्यांना विनंती.

मंडळाचा निधी आपण हळदीकुंकवाच्या पैशांतून आणि लोणची-पापड विकून जमवला आहे. त्यातला प्रत्येक रुपया कुणाच्या ना कुणाच्या हाताच्या श्रमाचा आहे. तो खर्च करताना झगमगाट पाहू नये. आजी अभंगाच्या मध्यावर श्वासासाठी थांबतील तेव्हा आपल्यापैकी कुणीतरी त्यांच्यासाठी थांबेल, एवढी व्यवस्था आपण केली, की कोणत्याही कंपनीचे वाद्य आले तरी ते आपलेच होईल.

माझे बोलणे लांबले, त्याची क्षमा असावी. पुढच्या गुरुवारी काकू पेटी उघडतील. भाता मी ओढणार आहे. सर्वांनी वेळेवर यावे.